तिसरा आवाज

४ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारीणबाई,

पत्रास कारण काही विशेष नाही, असं लिहिणार होतो. पण तुम्हाला खोटं लगेच सापडतं, तेव्हा सरळच लिहितो. काल घरमालक आले होते. माझ्या दारात उभ्या उभ्या म्हणाले, "शेजारच्या बाई खोली सोडतायत. त्यांच्या बहिणीचं पत्र आलंय. अठ्ठावीस तारखेपर्यंत रिकामी करून देणार." मी म्हटलं, "असं होय." आणि हातातल्या किल्लीवर कानस नको तितकी फिरवली. किल्ली वाया गेली. गिऱ्हाईक संध्याकाळी आलं तेव्हा त्याला उद्या या म्हणावं लागलं.

मला एवढंच विचारायचंय, हे तुम्ही ठरवलंत की धाकट्या बहिणीने? त्यांना तुमची काळजी आहे हे मी समजू शकतो. एकटीने राहायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, हेही माझ्या कानावर आहे. पण तुम्ही एकट्या कुठे राहत होतात? मधे एक भिंत होती, तीसुद्धा अर्ध्या विटेची.

इकडे सगळं ठीक. जिन्यातल्या तुमच्या झाडाला मी पाणी घालतो. बहिणीकडे जाताना तुम्ही मापाचं भांडं ठेवून गेलात, पहिले आठ दिवस मापाने घातलं, नंतर अंदाजाने. चार नवी पानं आली आहेत. यातून मला काही सुचवायचं नाही.

आणि त्या सकाळबद्दल तुमच्या मनात काही राहिलं असेल तर काढून टाका. बाई आत बेशुद्ध, दार बंद, शेजारी कुलूपवाला. हत्याराने उघडलं. आमचा धंदाच तो. जाताना तुम्ही मला जे म्हणालात, त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

साखर रोज तपासता ना? पर्समध्ये गोळ्या ठेवा, नुसतं "हो हो" म्हणू नका.

तुमचा शेजारी

९ फेब्रुवारी, रविवार

शेजारीणबाई,

उत्तर नाही. नसायचंच. तुम्ही विचार केल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही आणि मी लिहिल्याशिवाय विचार करत नाही.

आज ताई आली होती. माझी थोरली बहीण, दर रविवारी येऊन माझं घर आवरते आणि मला झाडते. तिने तुमच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "तुझं तोंड का असं?" मी म्हटलं, "दात दुखतोय." ती म्हणाली, "कुठला?" मला पटकन दात सुचला नाही.

तुम्ही राहायला आलात त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या दारात उभ्या राहिलात. मला वाटलं, कानशीच्या आवाजाची तक्रार असणार. मी बोलायची तयारी केली होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. कोपऱ्यात टांगलेल्या माझ्या स्प्रिंगच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणालात, "यावर काय मोजता?" मी म्हटलं, "पितळेचा भुगा." तुम्ही पर्समधून एक वजन काढलंत, चिमट्याने धरून, हात न लावता, आणि काट्याला लावलंत. मग म्हणालात, "चाळीस ग्रॅमने खोटा आहे. बंद करा." आणि गेलात. वजनमापं तपासणारी बाई शेजारी आली आहे हे मला असं कळलं. काटा मी त्याच दिवशी खाली उतरवला. इतक्या वर्षांत माझी एखादी वस्तू कोणी एवढ्या मन लावून पाहिली नव्हती.

मग तुमच्या दाराला साखळी लागली, मग कडी, आणि कुलूप तर होतंच. पाठीमागे मी तुम्हाला 'तीनकुलपी' म्हणायचो, आता कबूल करून टाकतो. माझ्या दाराला तर साधी कडीही धड नाही. तुम्ही एकदा विचारलंत, "कुलपांचा धंदा आणि घर सताड उघडं, हे कसं?" मी म्हटलं, "चोरायला आहेच काय, कुलपंच ना?" तेव्हा तुम्ही हसलात. अकरा वर्षांत तुम्ही माझ्या बोलण्यावर सात वेळा हसलात. आठवी वेळ संशयास्पद आहे, तेव्हा खोकलाही झाला होता तुम्हाला.

माझं लग्न राहून गेलं, तुमचं होऊन मोडलं. मला बोलल्याशिवाय करमत नाही, तुम्हाला बोललं की दमायला होतं. तुमच्याकडे प्रत्येक वस्तूला जागा, माझ्याकडे प्रत्येक जागेला वस्तू. तरीही रोज पावणेआठला तुमच्या दाराचे तीन आवाज यायचे. साखळी, कडी, किल्ली. तिसरा आवाज झाला की मी गॅस बारीक करायचो आणि दारात येऊन उभा राहायचो. तुम्ही म्हणायचात, "निघते." मी म्हणायचो, "या." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

तुमची कडी फार कुरकुरायची. मी दोनदा तेल घालून दिलं, तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. धंद्याला काळिमा फासला त्या कडीने.

आता पावणेआठला काहीच वाजत नाही. चहा उतू जातो.

शेजारी

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारीणबाई,

काल लिहिलेलं पत्र फाडलं. त्यात हवापाणी फार होतं.

आज नवं लिहायला बसलो आणि "हत्याराने उघडलं" इथपर्यंत पुन्हा आलो. हात थांबला. हे वाक्य मी तुम्हाला हॉस्पिटलमध्ये सांगितलं, घरी आल्यावर सांगितलं आणि गेल्या आठवड्यात लिहूनही पाठवलं. तीनदा सांगूनही ते माझं मलाच पटत नाही.

रविवारी ताई आली की तिच्याशी बोलतो. मग लिहितो.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेजारीणबाई,

ताईला सगळं सांगितलं. ती हातातला झाडू ठेवून खाली बसली. म्हणाली, "बाबा असते तर तुझ्या हातातली कानस काढून घेतली असती." मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस? जिला सांगायचं तिला सांग."

तर सांगतो.

बाबांनी मला धंदा शिकवला तेव्हा पहिल्या दिवशी हत्यार हातात दिलं नाही, दोन गोष्टी सांगितल्या. गिऱ्हाइकाच्या किल्लीची जोड स्वतःकडे ठेवायची नाही. आणि किल्ली बिघडली तर ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोडायची. मी चौतीस वर्षं हे पाळलं. एकदा सोडून.

चार वर्षांपूर्वी तुमची किल्ली वाकली होती. तुम्ही ती घेऊन आलात, म्हणालात, "एक नवी करा, मी थांबते." तुम्ही स्टुलावर बसलात, पर्स मांडीवर. मी किल्ली कापली. नीट झाली होती. मी ती उजेडाला धरली आणि म्हटलं, "नाही जमली, दुसरी करतो." पहिली मी भुग्याच्या डब्यात टाकली. दुसरी केली, तुम्हाला दिली. तुम्ही लावून पाहिलीत, लागली. जुनी वाकडी किल्ली मी तुमच्यासमोर मोडली. पहिली मोडली नाही. तुम्ही सगळ्या जगाची मापं तपासता, पण त्या दिवशी तुम्ही माझ्या डब्यात बघितलं नाहीत. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणून बघितलं नाहीत. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी ती किल्ली डब्यातून काढून घेतली.

का, हे विचाराल. तुम्ही गेलात की दार लागायचं आणि माझ्याकडे तुमचं काहीच उरायचं नाही. झाड जिन्यातलं, ते सगळ्यांचं. मला काहीतरी हवं होतं, जे फक्त तुमच्या दाराचं असेल. मी ती चष्म्याच्या डबीत ठेवली. अधूनमधून काढून बघायचो. दारापाशी घेऊन कधी गेलो नाही.

आणि त्याच वर्षी, नंतर, तुम्ही गॅलरीत मला ते सांगितलंत. सासरी तुमच्या खोलीच्या दाराची कडी नवऱ्याने काढून ठेवली होती. तो कधीही आत यायचा, तुमची कपाटं उचकायचा, पत्रं वाचायचा, आणि म्हणायचा, माझ्या घरात मला कसली परवानगी. तुम्ही हे तुमच्या त्या आवाजात सांगितलंत, जणू एखाद्या दुकानाचा तपासणी अहवाल. मग म्हणालात, "म्हणून तीन." मी त्या दिवशी घरी येऊन डबी उघडली. किल्ली मोडायला हातात घेतली. मोडली नाही. चूक पहिल्या दिवशी झाली होती, पाप त्या दिवशी केलं असं मी धरून चालतो.

डिसेंबरातल्या त्या सकाळी पावणेआठला साखळी वाजली. कडी वाजली. किल्ली वाजली नाही. मी गॅसपाशी उभा राहून वाट बघितली. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. हाका मारल्या. हत्यारांची पेटी समोर होती. तुमचं कुलूप हत्याराने उघडायला मला पंधरा मिनिटं लागली असती, ते चांगलं कुलूप आहे, मीच बसवलंय. मी पेटीला हात लावला नाही. डबी उघडली. तुम्ही दारापासून हातभर अंतरावर पडला होतात आणि तुमची किल्ली तुमच्या मुठीत होती.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. कसं आणलं ते मी कोणाला सांगितलं नाही.

तुम्ही हॉस्पिटलच्या कागदावरची वेळ वाचलीत. घरी येऊन भिंगाने कुलूप तपासलंत. एकही ओरखडा नाही. मग मला विचारलंत, "दार कसं उघडलं?" मी म्हटलं, "हत्याराने." तुम्ही म्हणालात, "तुमचं माप खोटं आहे." आणि बहिणीचा हात धरून जिना उतरलात. अर्थ मला तिथल्या तिथे लागला होता. पहिल्या पत्रात मी साळसूदपणा केला.

किल्ली या पाकिटात आहे. उद्या पोस्ट उघडलं की रजिस्टर करतो. माझ्याकडे आता तुमचं काहीही नाही.

मला तुम्ही हव्या होतात. मागायची हिंमत नव्हती म्हणून मी किल्ली चोरली. माफी मागतो, पण ती द्यायलाच हवी असं नाही.

कुलूपवाला

२० फेब्रुवारी, गुरुवार

शेजारीणबाई,

पोचपावती आली. तुमची सही आहे, नेहमीसारखी, प्रत्येक अक्षर सुटं. मी ती खिडकीत टाचून ठेवली आहे. हे चोरलेलं नाही, पोस्टाने दिलंय.

काल घरमालक एका जोडप्याला घेऊन आले. खोली दाखवायची होती. म्हणाले, "बाईंनी किल्ली अजून पाठवली नाही. तुम्ही उघडा ना पाच मिनिटं. तुम्हाला काय, किल्ली लागते थोडीच." मी म्हटलं, "दुसऱ्याचं दार मी त्याने सांगितल्याशिवाय उघडत नाही." तोंडातून निघालं आणि माझी मलाच लाज वाटली. मालक चिडले. जोडपं चांगलं होतं हो. ती मुलगी तुमच्या झाडाचं पान पुसत होती. ती दोघं आली तर मी त्यांच्याशी नीट वागेन, त्यांची कुलपं बसवून देईन. पण पावणेआठला दारात जाणार नाही.

आठ दिवस राहिले. सामान न्यायला कोणी आलं तर हातभार लावीन. तुमच्या वजनांच्या पेटीला हात लावणार नाही. घाम लागला तरी वजन बदलतं, हे तुम्हीच शिकवलंय.

तुमची फार आठवण येते. हे लिहिण्यात आता काही चोरी नाही, म्हणून लिहितो.

कुलूपवाला

२४ फेब्रुवारी

कुलूपवाले,

आपली पाचही पत्रे मिळाली. उत्तरास विलंब झाला. तपासणी चालू होती.

तुम्ही का केलंत हे तुम्ही पानभर लिहिलं आहे. ते मी विचारलेलं नव्हतं. खोटं का बोललात, हेही नाही. दोन महिने मी एकाच प्रश्नाने जागी आहे. किती वेळा? चार वर्षं किल्ली तुमच्याकडे होती. मी रोज आठ तास बाहेर असे. संध्याकाळी येऊन मी ज्या खुर्चीत बसत होते, त्या खुर्चीत आधी कोणी बसून गेलं होतं का? हे मी तुम्हाला विचारू शकले नाही, कारण तुमच्या उत्तरावर मला विश्वास ठेवता आला नसता. एकदा भोगलेलं माणूस विचारतही नाही.

तुम्ही किल्ली पाठवलीत. मी तुमच्याऐवजी किल्लीला विचारलं.

इथल्या वजनमाप कार्यालयात माझ्या ओळखीचे निरीक्षक आहेत. त्यांच्या टेबलावर मी दोन्ही किल्ल्या ठेवल्या, माझी आणि तुमची. एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच पितळेच्या केलेल्या. वजनात फरक निघाला, पण हाताच्या कामात तेवढा फरक पडतो, तो पुरावा नव्हे. मग भिंगाखाली दाते पाहिले. माझ्या किल्लीचे दाते चार वर्षांच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत, कानशीच्या रेघा पुसल्या आहेत. तुमच्या किल्लीवर रेघा जशाच्या तशा आहेत. पुढच्या दात्यावर फक्त एक ओरखडा आहे. घाईत लावल्याचा. एकच.

तुम्ही कुलूपवाले असून हे तुम्हाला सुचलं नाही. सुचलं असतं तर तुम्ही पत्रात लिहिलं असतं आणि मी विश्वास ठेवला नसता. तेव्हा सुचलं नाही ते बरं झालं.

जे केलंत ते वाईट होतं. ते मी लहान करून घेणार नाही, तुम्हीही करू नका. पण ते जेवढं आहे तेवढंच आहे, मला वाटलं होतं तेवढं नाही.

आता माझ्याकडचं एक खोटं. तुम्ही माझ्या कडीला दोनदा तेल घातलंत. दोन्ही वेळा मी ते त्याच संध्याकाळी फडक्याने पुसून टाकलं. तेल घातलेली कडी वाजत नाही. आणि पाठीमागे मी तुम्हाला 'कानस' म्हणते. बहीणही आता तेच म्हणते.

बहिणीशी बोलणं झालं आहे. घरमालकांना मी स्वतः पत्र टाकलं आहे, खोली सोडत नाही. डॉक्टरांचं म्हणणं एकटीने राहू नये असं होतं. भिंत अर्ध्या विटेची आहे, हे मी त्यांना सांगितलं.

पाकिटात किल्ली आहे. नीट बघा. ती तुमची नाही, माझी आहे. तुमची मी ठेवून घेतली. गुरुवारी सकाळी पावणेआठला मी येईन. माझ्याजवळ असलेली किल्ली मी वापरणार नाही. मी माझंच दार बाहेरून वाजवीन. तुम्ही आत असा. दार आतून उघडा.

तुमची शेजारीण

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारीणबाई,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुमच्या टेबलावर बसून लिहितो आहे, हातात देईन.

पाकीट उघडलं तेव्हा भिंगाची गरज पडली नाही. अंगठा ठेवला आणि कळलं. तुमच्या अंगठ्याने जिथे पितळ झिजवलंय तिथे माझा अंगठा बसेना, जागा लहान आहे. मी ती बराच वेळ तशीच धरून बसलो. रविवार नव्हता, तरी ताईला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "आता काय झालं?" मी तिला पत्र वाचायला दिलं. वाचून ती म्हणाली, "ही बाई तुला पुरून उरेल." आणि माझा एकुलता एक बरा सदरा इस्त्रीला घेतला.

आज साडेसहालाच आलो. तुमच्या किल्लीने, तुमच्या सांगण्यावरून. कुलूप एका फेऱ्यात उघडलं. तरी उंबऱ्यावर पाय अडला. अकरा वर्षं मी या दाराच्या बाहेर उभा राहून "या" म्हणत आलो, आत ये असं मला कोणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. डिसेंबरात मी आत आलो तेव्हा तुमच्याशिवाय काही दिसलं नव्हतं. आज दिसतंय. खिडकीपाशी एक खुर्ची आहे. फक्त एक. मी तिच्यावर बसलो नाही. माझ्याकडून स्टूल आणलंय, तेच, तुम्ही ज्याच्यावर पर्स मांडीवर घेऊन बसला होतात. परत न्यायचं की ठेवायचं, तुम्ही सांगा.

खिडक्या उघडल्या. धूळ पुसली, पेटी सोडून. झाड आत आणून ठेवलं. चहाचं पाणी ठेवलंय, साखर टाकलेली नाही. साखरेच्या गोळ्या टेबलावर आहेत.

मग दार लावून घेतलं. आधी किल्ली फिरवली. मग कडी सरकवली, कोरडीठाक कडी, अशी कुरकुरली की मला हसू आलं आणि मग हसू थांबेना आणि मग डोळे पुसावे लागले. मग साखळी. तिन्ही लावून बसलो आहे. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःला कुलूप लावून घेतलंय. मला भीती वाटत नाही, फक्त घड्याळ हळू चाललंय.

तुम्ही ते तीन आवाज आतून काढत आलात, बाहेरून कधी ऐकले नसतील. बाहेर उभ्या माणसाला ते कसे वाटतात हे मला कित्येक वर्षं तुम्हाला सांगायचं होतं. पहिल्याला वाटतं, आहेत. दुसऱ्याला वाटतं, येतायत. तिसऱ्याचं मला लिहिता येत नाही.

सात त्रेचाळीस. जिन्यात पाऊल वाजतंय. तुमचंच आहे, वळणावर तुम्ही नेहमी क्षणभर थांबता. थांबलात.

दार वाजलं.

उठतो. तिथेच उभ्या राहा आणि ऐका. आधी साखळी.